मऊताईच्या दोन बरण्या

तिच्याशी पहिल्यांदा हात मिळवणारा माणूस हमखास चपापायचा. चेहरा बघावा तर उन्हानं रापलेला, खांदे हमालासारखे रुंद, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा. आणि हात मात्र तान्ह्या बाळाच्या गालासारखे. समोरचा एकदा तिच्या हाताकडे बघायचा, एकदा तोंडाकडे, जणू दोन वेगळ्या बायकांचे भाग चुकून एकत्र जोडले गेलेत. त्यावरूनच तिला मऊताई म्हणू लागले आणि ते नाव असं चिकटलं की खरं नाव आठवायला नवऱ्यालाही डोकं खाजवावं लागायचं.

हे हात तिला जन्मानं मिळाले नव्हते. मिसरूड फुटायच्या वयात भाऊ कामाला लागले, तेव्हा तीही नदीकाठच्या लोकर धुण्याच्या शेडमध्ये कामाला लागली. मेंढ्यांची कातरलेली लोकर गठ्ठ्यांनी यायची. त्यात माती, काटे, लेंड्या, काय म्हणाल ते. बायका गरम पाण्याच्या हौदांपाशी उभ्या राहून ती दिवसभर खळबळून काढायच्या. पाण्यावर पिवळट तवंग धरायचा. तो लोकरीचा मेणचट मळ. पाऊस-थंडीपासून बचाव व्हावा म्हणून मेंढीची कातडीच तो सोडते. मुकादम तो काढून गटारात सोडायला सांगायचा. पण दिवसभर पाण्यात हात घालूनही कुणाच्या हाताला भेग पडत नाही, हे मऊताईनं हेरलं. धोबिणींचे हात फुटतात, भांडी घासणाऱ्यांचे फुटतात, मग आपलेच का नाही? तिनं एक डबाभर तवंग घरी नेला, पाण्यात मीठ घालून उकळला, फडक्यातून गाळला, पुन्हा उकळला. घरभर असा वास सुटला की आईनं तिला डब्यासकट अंगणात काढलं. पण तळाशी जे उरलं ते मधासारखं पिवळं आणि चिकट होतं. त्यात बदामाचं तेल घालून तिनं ते सैल केलं आणि आईच्याच टाचांना चोळलं. आठवड्यात भेगा भरून आल्या. आईनं तिला डब्यासकट परत घरात घेतलं.

पुढे शेड बंद पडली, पण तोवर तिचं लग्न झालं होतं. नवरा न्हावी. दुकान छोटं, दोन खुर्च्यांचं, समोर भला मोठा आरसा, आणि न्हावी असा बोलका की गिऱ्हाईक केस कापून घ्यायला येतंय की गप्पा ऐकायला, हे त्याचं त्यालाही कळत नसे. मऊताईनं दुकानाच्या मागल्या अर्ध्या भागाला पडदा लावला आणि तिथे बायकांचे केस धुणं, कापणं, तेल लावणं सुरू केलं. काम झालं की बरणीतलं बोटभर मलम काढायचं, समोरचीचे हात हातात घ्यायचे आणि बोटं, नखं, मनगटं चोळून द्यायची. हे फुकट. हे न मागता. कुणी नको म्हटलं तर तिला ऐकूच यायचं नाही. शेजारचा बेकरीवाला, ज्याचे हात पिठानं आणि भट्टीच्या आचेनं सालटी सुटल्यासारखे झालेले असायचे, तो तर रोज सकाळी पावाची लादी टेकवायचा आणि दोन्ही हात पुढे करून उभा राहायचा.

तिचा मुलगा त्याच बेकरीची गाडी चालवायचा. एके दिवशी तो म्हणाला, "आई, मी एका मुलीला घरी आणतोय. लग्नाचं ठरवलंय आम्ही."

"आण की. काय करते?"

"प्रयोगशाळेत असते. क्रीमं, साबण, शांपू तपासतात ना, तिथे."

मऊताईला आभाळ ठेंगणं झालं. आपल्याच धंद्यातली सून! तिनं घर झाडलं, दुकानाचा आरसा पुसला, नवऱ्याला धमकी दिली की पहिल्या दिवशी पोरीला एकही विनोद सांगायचा नाही. मुलगी आली. बारीक चणीची, चष्मा, केसांचा बुचडा, आणि बोलताना थेट डोळ्यांत बघणारी. मऊताईला ती दारातच आवडली. आणि आवडलेल्या माणसाला ती जे करायची तेच तिनं केलं. बरणी उघडली, बोटभर मलम घेतलं आणि मुलीचे हात हातात घेतले.

मुलीनं झटकन हात मागे घेतला.

मुलाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मुलगी लालबुंद झाली आणि म्हणाली, "माफ करा काकू. तुमचा अपमान करायचा नव्हता मला. पण यात मेंढी आहे ना? मी प्राण्यांचं काही खात नाही, अंगाला लावतही नाही."

"मेंढी नाही गं," न्हावीबुवांना राहवलं नाही, "मेंढीचा मळ आहे. मेंढी कधीच न्हाऊन-माखून घरी गेली."

मुलगी हसली, मुलगा हसला. मऊताईही हसली, पण तिचा हात तसाच पुढे राहिला होता, मलमानं माखलेला, आणि त्याचं काय करावं ते तिला सुचेना. शेवटी तिनं ते स्वतःच्याच कोपरांना लावून टाकलं.

जेवणाच्या वेळी सगळं गोडीगुलाबीत पार पडलं. पण पाहुणी गेल्यावर मऊताई भांडी जरा जास्तच आपटायला लागली. "आयुष्यात मी एक मुंगी मारली नाही," ती म्हणाली, "आणि ही पोर माझ्या हाताकडे असं बघते, जणू मी खाटीक आहे."

"तसं बघितलं नाही तिनं," नवरा म्हणाला.

"तुम्हाला काय दिसतं? तुम्ही विनोद जुळवत होतात."

पण मऊताईचा राग दुधाच्या उतासारखा. वर येतो आणि आच कमी केली की बसतो. पुढच्या सुट्टीच्या दिवशी तिनं स्वतःच मुलीला दुकानात बोलावलं. खुर्चीत बसवलं, समोर चहा ठेवला आणि म्हणाली, "हं, सांग आता. माझ्या बरणीत काय वाईट आहे? मनात ठेवू नकोस. मी काही चावत नाही."

मुलीनं खरंच मनात काही ठेवलं नाही. ती म्हणाली, मलम म्हणून ते फार चांगलं आहे. कातडीतला ओलावा इतका धरून ठेवणारं दुसरं सहज सापडत नाही, हे ती रोजच्या कामात बघते. तिचा प्रश्न वेगळा होता. "लोकर कातरताना मेंढीला लागतं का? आणि ती म्हातारी झाली, लोकर विरळ झाली, की ती कुठे जाते?"

शेड बंद पडल्यापासून मऊताई मलमासाठी टेकडीवरच्या एका मेंढपाळाकडून धुवायला लोकर आणत होती, पण आणायची ती गठ्ठ्यानं. मेंढी कातरताना तिनं लहानपणानंतर पाहिलीच नव्हती.

"आणि हे बघा," म्हणून मुलीनं फळीवरची निळी बाटली उचलली. ते केसांना चमक आणणारं तेल मऊताईच्या खास लाडाचं होतं. दोन थेंब लावले की केस रेशमासारखे सरकायचे, आणि चिकटपणा नावाला नाही. "यातला जो मुख्य पदार्थ आहे तो ऑलिव्हपासून काढतात, उसापासूनही करतात. आणि खोल समुद्रातल्या शार्कच्या यकृतापासूनही काढतात. यावर कुठून काढला ते लिहिलेलं नाही."

"शार्क?" न्हावीबुवांचा वस्तरा हवेत थांबला. सुदैवानं गिऱ्हाइकाच्या गालापासून लांब.

दोन दिवसांनी तेल पुरवणारा विक्रेता आला, तेव्हा मऊताईनं त्याला चहाऐवजी प्रश्न दिला. तो आधी हसला, मग कंपनीत फोन लावला, मग बराच वेळ नुसतं हं, हं करत राहिला. फोन ठेवून म्हणाला, "समुद्रातूनच येतं म्हणतात. पण ताई, मासाच तर आहे."

"मासा मेला का?"

"मेल्याशिवाय यकृत कसं देणार?"

"मग ह्या बाटल्या उचला."

"अहो, पण चमक—"

"चमकेसाठी मारायचं म्हणजे अति झालं. भूक असती तर मी एक वेळ समजून घेतलं असतं." तिनं खोकं त्याच्या हातात दिलं. पुढच्या फेरीला त्यानं ऑलिव्हपासून काढलेलं तेल आणलं. केस तितकेच चमकले. मुलगी म्हणाली, "केसांना फरक कळतच नाही, काकू. शार्कला तेवढा कळतो." मऊताईला हे इतकं पटलं की पुढे आठवडाभर तिनं ते वाक्य प्रत्येक बाईला केस धुता धुता ऐकवलं. शेवटी नवरा म्हणाला की शार्कसुद्धा आता कंटाळला असेल.

मग तिनं आणखी एक गोष्ट केली. दुकानातल्या प्रत्येक बरणीवर, बाटलीवर, आत काय आहे आणि ते कशापासून आलं, हे मोठ्या अक्षरांत चिकटवलं. चांगल्या हेतूनं केलं, आणि त्यातूनच वादळ उठलं.

पडद्यामागे केस धुवायला दर आठवड्याला एक निवृत्त मुख्याध्यापिका यायच्या. करड्या शिस्तीच्या, बोलण्यात धार. त्यांनी चष्मा लावून बरणीवरचा कागद वाचला आणि त्या ओल्या केसांनिशी उठून उभ्या राहिल्या. "इतकी वर्षं तू माझ्या हातांना मेंढी चोळतेस? मी तरुणपणापासून चामड्याची चप्पल घालत नाही, माहीत आहे तुला?"

"मला कुठे माहीत होतं, बाई?"

"मी विचारलं नाही, हे खरं. पण तू सांगितलं नाहीस, हेही खरं."

मऊताईला बाजू मांडायची होती. मेंढी जिवंत असते, मळ नाहीतर गटारात जातो, वगैरे सगळं जिभेवर आलं होतं. पण ओल्या केसांतून पाणी टपकत असलेल्या त्या म्हाताऱ्या बाईच्या डोळ्यांत राग कमी आणि वाईट वाटणं जास्त दिसलं. ती एवढंच म्हणाली, "चुकलं माझं. अंगाला लावायचं तर आधी सांगायलाच हवं होतं." बाई टॉवेल डोक्याला गुंडाळून तशाच निघून गेल्या. टॉवेल दुकानाचा होता, पण तो परत मागायची कुणाची छाती झाली नाही.

त्या दुपारी मऊताईनं मुलीला फोन केला. "मेंढपाळाकडे कातरणी सुरू आहे. मी बघायला चाललेय. येतेस?"

मुलगा बेकरीची गाडी घेऊन आला, तिघं पुढच्या बाकावर दाटीवाटीनं बसली आणि गाव मागे टाकून टेकडीवरच्या मेंढवाड्यापाशी पोचली. मेंढपाळ एक धिप्पाड म्हातारा होता. दाढी छातीपर्यंत, त्यात गवताच्या काड्या. आडोशाला दोन कातरणारे बसले होते. एक म्हातारा, सावकाश. मेंढीला ढुंगणावर बसवून मांड्यांत धरायचा, तोंडानं च्यक् च्यक् करत कातर चालवायचा, आणि अख्खी लोकर कोटासारखी एकसंध उतरायची. मेंढी मान टाकून निवांत बसलेली, न्हाव्याच्या खुर्चीत डुलकी लागलेल्या गिऱ्हाइकासारखी. दुसरा तरुण आणि घाईचा. त्याला नगावर पैसे मिळायचे, आणि ते त्याच्या हातात दिसत होतं. एक मेंढी वळली, कातर घसरली, आणि पांढऱ्या लोकरीवर लाल रेघ उमटली. त्यानं तिच्यावर औषध थापलं आणि पुढची ओढली.

मऊताईनं मुलीकडे बघितलं. तिला वाटलं, आता ही म्हणणार, बघा, मी सांगत होते. पण मुलगी कधीच पुढे गेली होती आणि त्या जखमी मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"काका, ह्या पोराला सावकाश करू द्या ना," मऊताई मेंढपाळाला म्हणाली. "लोकर डागाळते, मेंढीला लागतं. दिवस एक जास्त लागेल, त्यात काय बिघडलं?"

मेंढपाळ दाढी खाजवत म्हणाला, "लोकर घेणारे आजवर वजनच विचारत आले. मेंढीला लागलं का, असं पहिल्यांदा कुणी विचारलं."

"मग आता मी दरवेळी विचारणार. आणि ह्या खडूच्या खुणा कसल्या?" कोपऱ्यात पाठीवर निळी रेघ ओढलेल्या थोड्या मेंढ्या वेगळ्या बांधल्या होत्या.

"म्हाताऱ्या त्या. दात गेलेत. गवत चावत नाही, अंग धरत नाही. उद्या गाडी येईल."

कसली गाडी, ते कुणी विचारलं नाही. त्यातली एक, एक कान जरा दुमडलेली, मऊताईकडे एकटक बघत तोंड हलवत होती. तोंडात काहीच नव्हतं, तरी हलवत होती.

"दात गेले म्हणून?" मऊताईचा आवाज चढला. "माझ्या सासूबाईंचे दात गेले होते, त्यांना विकलं का आम्ही?"

"गिऱ्हाईक नव्हतं," मुलगा हळूच म्हणाला. बापाचाच पोरगा तो.

"हिला मी नेते," मऊताई म्हणाली. आपण काय बोललो हे तिला बोलून झाल्यावर कळलं.

मेंढपाळानं तिला आपादमस्तक न्याहाळलं. चेष्टा नाही, हे त्याला उमगलं असावं. "भिजवलेला भरडा द्यावा लागेल. मऊ. दोन वेळा."

"देईन."

"आणि एकटी नेऊ नका. मेंढीला सोबत लागते. एकटी राहिली की खाणं सोडते. न्यायच्या तर दोन न्या."

मोबदल्याची गोष्ट निघाली तेव्हा मऊताईनं त्याच्या दाढीकडे बघितलं, त्याच्या झिपऱ्या केसांकडे बघितलं, दारात उभ्या असलेल्या त्याच्या दोन सुनांच्या आणि नातवंडांच्या डोक्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "तुमच्या घरातली सगळी डोकी माझ्याकडे. कायमची." म्हातारा एवढा मोठ्यानं हसला की बांधलेल्या मेंढ्या दचकल्या. सौदा ठरला.

परतीच्या वाटेवर दोन्ही मेंढ्या पाव ठेवायच्या जागेत उभ्या होत्या. घरी पोचेपर्यंत त्यांनी उरलेले पाव फस्त केले होते. बेकरीवाल्यानं गाडीचं दार उघडलं, आत बघितलं, स्वतःच्या हातांकडे बघितलं, ज्या हातांना रोज ह्यांच्याच भाऊबंदांचं मलम लागत होतं, आणि दार हळूच लावून टाकलं.

"काय आणलंस हे?" न्हावीबुवा अंगणात येऊन उभे राहिले.

"पाहुणी," मऊताई म्हणाली.

"आणि दुसरी?"

तीच त्यांची नावं पडली. एक पाहुणी, एक दुसरी. दिवसा त्या नदीकाठच्या मोकळ्या गवतात उनाडायच्या, चावता येवो न येवो, आणि भरड्याच्या वेळेला स्वतःहून अंगणात हजर व्हायच्या. पाहुणीला दुकानाची फार ओढ. पडदा सरकवून आत मान घालायची आणि ज्या बाईचे केस धुतले जात असतील तिच्या शालीचं टोक तोंडात घेऊन चघळत बसायची. बायका आधी किंचाळल्या, मग मुद्दाम जुन्या शाली घालून यायला लागल्या.

होणारी सून आता सुट्टीच्या दिवशी सकाळपासूनच यायची. न्हावीबुवा तिला तपासनीसबाई म्हणायचे. एका सकाळी ती त्यांच्याशी गप्पा मारत असताना तिची नजर त्यांच्या मानेवर गेली. तिथे लाल, खरबरीत चट्टे होते, आणि ते सतत खाजवत होते.

"हे कधीपासून आहे?"

"हे होय? लग्नापासून," ते म्हणाले. "कॉलर घासते."

"बाबा, तुम्ही बिनकॉलरचा सदरा घातलाय."

मुलगी प्रयोगशाळेतून कसल्याशा पट्ट्या घेऊन आली. त्यांच्या पाठीवर वेगवेगळ्या गोष्टींचे इवलेसे ठिपके चिकटवले आणि काढायची वेळ येईपर्यंत अंघोळ करायची नाही, अशी ताकीद दिली. ही ताकीद त्यांनी आनंदानं पाळली. पट्ट्या काढल्या तेव्हा सगळी पाठ स्वच्छ होती, फक्त एका ठिकाणी लाल, खाजरा डाग. तिनं नंबर बघितला आणि यादीशी पुन्हा पुन्हा ताडून पाहिला.

"लोकरीचं मेण," ती शेवटी म्हणाली. "फार थोड्या लोकांना होतं असं. बाबा त्यातले निघाले."

मऊताईनं स्वतःच्या हातांकडे बघितलं. दिवसभराचं काम संपलं की नवऱ्याची मान चेपून द्यायची, हा तिचा लग्नापासूनचा रिवाज होता. मलमाच्याच हातांनी. तो मान कलती करून डोळे मिटायचा, आणि दिवसभरात तेवढा एकच वेळ गप्प बसायचा.

"अहो, खाज यायची तर बोलला का नाहीत?"

न्हावीबुवांनी आयुष्यात पहिल्यांदाच उत्तराला वेळ घेतला. "शंका यायची मला मधून मधून. पण तू दमून-भागून यायचीस, आणि तरी माझी मान घ्यायचीस हातात. त्या हाताला मी कशाला बोल लावू? खाज काय, खाजवली की जाते."

मऊताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्याच वेळी ती हसायलाही लागली. हसताना तिनं नवऱ्याच्या दंडावर चापट मारली, आणि मुलगी चष्मा काढून पुसायला लागली.

दुसऱ्याच दिवशी मऊताईनं पदर खोचावा तसा एप्रन खोचला. "तपासनीसबाई, तुझ्या पद्धतीचं मलम करायचं. झाडापानांचं. मेंढी नाही, मधमाशी नाही, काही नाही. यांच्या मानेला चालेल असं."

ते वाटलं तितकं सोपं नव्हतं. पहिलं मलम उन्हात पाण्यासारखं पातळ झालं. दुसरं इतकं घट्ट, की बरणीतून काढायला चमचा वाकला. तिसरं सूर्यफुलाच्या मेणाचं आणि कोकोच्या लोण्याचं, दिसायला देखणं. पण थंड झाल्यावर रवाळ झालं, बोटांत वाळूसारखं कचकचायला लागलं. मुलगी कागदावर प्रमाणं बदलत राहिली. मऊताई म्हणाली, "माझं मेण मी गार पाण्यात टोप ठेवून घोटते. सावकाश निवलं की गुठळ्या धरतात." मुलगी म्हणाली, बरोबर, झटकन थंड करायला हवं, आणि त्यात हे थोडं कमी, ते थोडं जास्त. मग एकीनं पातेलं गार पाण्यात धरलं, दुसरीनं हात भरून येईपर्यंत घोटलं, मग अदलाबदल. चौथं मलम गुळगुळीत निघालं.

तपासायला कुणाकडे द्यायचं? मऊताई स्वतः बरणी घेऊन मुख्याध्यापिकांच्या दारात गेली. बाईंनी आधी वर चिकटवलेला कागद अथपासून इतिपर्यंत वाचला, मग आणखी एकदा वाचला, मग बोटभर मलम घेऊन हाताला लावलं.

"आधीच्याइतकं नाही," बाई म्हणाल्या. "दुपारी पुन्हा लावावं लागेल."

"हो बाई. मेंढीच्या मेणाची सर याला नाही. ते खोटं कशाला सांगू?"

"पण मी हेच लावणार." बाईंनी आत जाऊन धुतलेला, घडी घातलेला टॉवेल आणून तिच्या हातात ठेवला. "आणि केस बुधवारी."

तेव्हापासून दुकानात दोन बरण्या झाल्या, आणि मऊताईनं न विचारता कुणाचे हात धरणं सोडून दिलं. आधी सांगायची, हे मेंढीचं, हे झाडाचं. ह्याचा गुण हा, त्याचा तो. ज्याची मेंढी आहे तो मेंढपाळ अमक्या टेकडीवर, जाऊन बघून या. सांगता सांगता तिला इतकं स्फुरण चढायचं की समोरचीचे केस वाळून जायचे. बेकरीवाल्यानं मेंढीची बरणी सोडली नाही. त्याच्या बायकोनं झाडाची घेतली. कुणी दोन्ही घेतल्या, एक हातांना, एक ओठांना. सून लग्न होऊन घरात आली, पण मेंढीच्या बरणीला ती शिवत नाही ती नाहीच. मऊताईला आता त्याचं काही वाटत नाही. ढवळायला मात्र तीच पुढे. म्हणते, लावणार नाही, पण नीट झालंय की नाही ते कळायला नको का?

आणि पुढच्या उन्हाळ्यात पाहुणीची लोकर वाढून इतकी जड झाली की ती चालताना धापा टाकायला लागली. मेंढपाळाला निरोप धाडला. पण तो सावकाश कातरणारा म्हातारा आजारी होता, आणि घाईच्या पोराला मऊताई घरात पाऊल ठेवू देईना.

"मी कातरतो," न्हावीबुवा म्हणाले.

"तुम्ही?"

"आयुष्यभर काय गवत कापलंय मी?"

झालं. अंगणात खुर्ची आणली, मग मेंढी खुर्चीत बसत नाही म्हणून खुर्ची नेली. मुलानं पाहुणीला मांड्यांत धरलं, सुनेनं डोकं सांभाळलं, आणि न्हावीबुवांनी खरोखरच तिच्या गळ्याला दुकानातलं पांढरं कापड बांधलं. सवयीनं. गल्ली गोळा झाली. मुख्याध्यापिका भिंतीपलीकडून सूचना द्यायला लागल्या. मेंढपाळ आपली सगळी डोकी घेऊन त्याच दिवशी आला होता. तो कमरेवर हात ठेवून बघत राहिला.

"वरून किती ठेवू?" न्हावीबुवांनी पाहुणीच्या कानाशी वाकून विचारलं. "बाजूनं बारीक करतो. हवा काय म्हणतेय गावाकडची? मुलं काय करतात?" पाहुणी मान टाकून निवांत पडली होती. कुठलंही गिऱ्हाईक इतकं शांतपणे त्यांचं बोलणं ऐकत नसे. कातर बारीक आवाज करत चालत राहिली. लोकर कोटासारखी एकसंध काही उतरली नाही, ठिकठिकाणी तुकडे पडले. पण पाठीपासून पोटापर्यंत एक ओरखडा उठला नाही.

कापड सोडलं तशी पाहुणी टुणकन उठली. अर्धी झाली होती. मानेशी न्हावीबुवांनी शोभेसाठी लोकरीचा एक गोंडा राखला होता. तिनं अंग झटकलं, चार उड्या मारल्या आणि पडदा सरकवून सरळ दुकानात घुसली. सगळे मागोमाग. ती मोठ्या आरशासमोर थबकली होती. आरशातली ती गोंडेवाली, लुकडी मेंढी तिनं नीट बघितली, आणि पाय रोवून, गळा काढून ओरडली. अंगणातून दुसरीनं तितक्याच जोरात ओ दिली. मग पुन्हा हिनं, पुन्हा तिनं.

मेंढपाळ पोट धरून भिंतीला टेकला. सून हसता हसता सासऱ्याच्या खांद्यावर वाकली. आणि मऊताई कापलेल्या लोकरीच्या ढिगात, सगळ्यांच्या पायांशी, फतकल मारून बसली होती. तिला इतकं हसू लोटलं होतं की उठवायला कुणी हात दिला तरी तिला उठता येत नव्हतं.